गाठ दिसली हो, पण कुठली?

"एमआरआय झालाय ना ताई, हा बघा," असं म्हणत त्या बाईंनी पिशवीतून सीडी काढून माझ्यासमोर ठेवली, मी ती लावली, आणि पाचव्या मिनिटाला मला कळलं की या पोराला परत भूल द्यावी लागणार.

सव्वाचार वर्षांचा मुलगा (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). खेळताखेळता दोनदा चक्कर येऊन पडला म्हणून तपासण्या सुरू झाल्या, टूडी इकोत डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याच्या भिंतीत गाठ दिसली, एकच पण चांगली मोठी, आणि मग कुठेतरी एमआरआय झाला. त्या सीडीत काय होतं तर सिने, म्हणजे हृदयाची हलती चित्रं, ती पण श्वासामुळे फरफटलेली, टी-वन, टी-टू या दोन प्रकारच्या स्थिर चित्रांचे दोनचार काप, आणि बास. काँट्रास्ट, म्हणजे चित्र उजळवणारं शिरेतून द्यायचं औषध, ते दिलेलंच नाही. का नाही ते मला माहीत नाही, पोरगं हललं असेल, शीर सापडली नसेल, पुढचा पेशंट येऊन बसला असेल, मी तिथे नव्हते. पण रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, रॅब्डोमायोमा (स्नायूपेशींची, कॅन्सर नसलेली गाठ) असण्याची शक्यता, सहा महिन्यांनी परत बघावं. आणि आईबाबा तेवढ्या एका ओळीवर निवांत झाले होते, कारण त्यांनी वाचलं होतं की रॅब्डोमायोमा आपोआप जिरतो.

जिरतो, खरंय. पण ती गाठ रॅब्डोमायोमा असेल तर ना.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. मी एमआरआयवर टेक्नॉलॉजिस्ट आहे, हृदयाचे स्कॅन करते, त्यात लहान मुलं बरीच. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट आणि मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ मिळून देतात, मी फक्त चित्रं काढते. पण ती "फक्त" चित्रं कशी काढली यावर पुढचं किती अवलंबून असतं हे इतक्या वेळा बघितलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते, कारण त्या दिवसाचा वैताग अजून डोक्यातून गेलेला नाही.

तर मुळात मुलांच्या हृदयात गाठ होणं ही अगदीच दुर्मिळ गोष्ट. आणि झालीच तर दहातल्या साधारण नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात. हे वाक्य मी मुद्दाम वर लिहितेय कारण "हृदयात ट्यूमर" हे शब्द ऐकले की आईबापाच्या पायाखालची जमीन सरकते आणि पुढचं काही कानात शिरतच नाही. पण कॅन्सर नाही म्हणजे निरुपद्रवी असंही नाही, ही दुसरी बाजू. हृदय म्हणजे काही पोट नव्हे की गाठ वाढली तर आतडी जरा सरकून जागा देतील. इथे साधी गाठसुद्धा रक्ताची वाट अडवू शकते, झडपेच्या मध्ये येऊ शकते, नाहीतर ठोक्यांची जी वीज स्नायूतून धावते तिच्या वाटेत बसून ठोकेच बिघडवू शकते. म्हणून "कॅन्सर आहे का" इतकाच प्रश्न पुरत नाही, ही नेमकी कुठली गाठ आहे ते कळावं लागतं, कारण पुढचं सगळं वेगळं होतं.

रॅब्डोमायोमा सगळ्यात कॉमन. हा बऱ्याचदा पोटात असतानाच सोनोग्राफीत किंवा बाळाच्या इकोत दिसतो, आणि बहुतेक वेळा एक नाही तर अनेक असतात, भिंतीत, पडद्यात, आत डोकावणारे. अनेक असले की डॉक्टर लगेच ट्यूबरस स्क्लेरोसिसचा विचार करतात, टीएससी म्हणतात त्याला, टीएससी-वन किंवा टीएससी-टू या जनुकात बिघाड असतो, त्वचेवर फिकट पांढरे चट्टे, मेंदूत छोट्या गाठी, फिट्स. म्हणून कधीकधी आम्हाला सांगतात की हृदयाचं करताय तर त्याच भुलीत मेंदूचंही उरकून घ्या. आणि या रॅब्डोमायोमाची गंमत अशी की पहिल्या काही वर्षांत तो आपसूक लहान होत जातो, कित्येकदा दिसेनासा होतो. म्हणजे बाळाला त्रास नसेल तर काहीही न करता नुसतं लक्ष ठेवणं हाच उपचार. रक्ताची वाट अडत असेल तर एव्हरोलिमस, सिरोलिमससारखी औषधं देऊन गाठ लवकर आक्रसते असंही दिसलंय, टीएससीत जो एमटॉर नावाचा पेशीतला रस्ता मोकाट सुटलेला असतो त्यालाच ती लगाम घालतात.

त्याच्या खालोखाल फायब्रोमा, म्हणजे घट्ट तंतूंची गाठ. हा बहुतेक वेळा एकटाच असतो, डाव्या कप्प्याच्या भिंतीत किंवा मधल्या पडद्यात ठाण मांडून बसलेला, आणि हा जिरत नाही. वरून यालाच ठोके बिघडवायची खोड जास्त, वेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यातून सुटणारे भलतेच वेगाचे ठोके), चक्कर, आणि काही मुलांमध्ये तर अचानक मृत्यू हीच पहिली खूण. त्यामुळे फायब्रोमा म्हटलं की सर्जनशी बोलणं सुरू होतं. आता परत वर जाऊन बघा, एक गाठ, मोठी, डाव्या भिंतीत, चार वर्षं उलटून गेली तरी तशीच, चक्कर. माझ्यासारखीला सुद्धा शंका आली असती, आणि रिपोर्टमध्ये "सहा महिन्यांनी बघू".

एकाला थांबा म्हणायचं आणि दुसऱ्याला थांबू नका म्हणायचं, आणि दोघं साध्या इकोवर दिसतात बऱ्यापैकी सारखे, भिंतीतला एक जाड पांढुरका गोळा. इकोला नावं ठेवत नाहीये हं, सुरुवात त्यानेच व्हायला हवी, पाळण्याशेजारी मशीन नेता येतं, भूल नको, आणि झडपेवर फडफडणारी बारीकशी गोष्ट दाखवण्यात इको आजही आमच्यापेक्षा वरचढ. पण गोळा कशाचा बनलाय हे आवाजाच्या लहरींना फारसं कळत नाही. सीटीला गाठीतलं कॅल्शियम मस्त दिसतं, जे आम्हाला नीट दिसत नाही, पण सीटीत रेडिएशन आलं आणि हीच मुलं पुढे वर्षानुवर्षं तपासायची असतात.

"मग तुकडा काढून का नाही बघत?" हे त्या आईंनी पण विचारलं आणि प्रत्येक जण विचारतो. बाकी शरीरात तेच करतात की. पण हे धडधडतं हृदय आहे, पाव इंचाचीही भिंत नसते तान्ह्या बाळात, तिथे चिमटा घालून तुकडा तोडायचा म्हणजे भोक पडायची, रक्त वाहायची, ठोके बिघडायची भीती. आणि सुईच्या टोकाएवढ्या तुकड्यावरून अख्खी गाठ ठरवायची, शितावरून भाताची परीक्षा दर वेळी जमतेच असं नाही, गाठीच्या मधोमध एक आणि कडेला वेगळंच असू शकतं. कॅन्सरचीच शंका असेल तर मात्र तुकडा घ्यावाच लागतो, तिथे चित्रावर भागत नाही, केमो द्यायची तर पेशी कुठल्या ते बघायलाच हवं.

आता एमआरआय नेमकं काय करतो. लोकांना वाटतं एक मोठा कॅमेरा आहे, आत ढकललं, फोटो काढला, गाठीचं नाव खाली छापून आलं. तसं काही नसतं. गाठीला एकेक प्रश्न विचारायचा आणि ती काय करते ते बघायचं. एका प्रश्नाचं उत्तर दोन तीन गाठी सारखंच देतात, पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं सारखी देणाऱ्या गाठी फार थोड्या. म्हणूनच अर्धे प्रश्न विचारून उठलं की घोळ.

पहिलं सिने. गाठ कुठे आहे, किती मोठी, हलते का, देठ आहे का, रक्ताची वाट अडते का. उदाहरणार्थ डाव्या वरच्या कप्प्यात मधल्या पडद्याला देठाने लटकलेली आणि दर ठोक्याला झडपेतून खाली डोकावून परत येणारी गाठ दिसली तर मिक्झोमा डोक्यात येतो, पण तो मोठ्या माणसांचा, मुलांमध्ये कमी. आणि हृदयाच्या बाहेर, त्याच्या पिशवीत, महाधमनीच्या मुळाशी चिकटलेली, पाण्याच्या कप्प्याकप्प्यांची गाठ आणि भोवती भरपूर पाणी साचलेलं, हे तान्ह्या बाळात दिसलं तर टेराटोमा. म्हणजे नुसता पत्ता आणि वय एवढ्यावर सुद्धा बरंच कळतं. भिंतीतली गाठ असेल तर मी बघते की बाकी भिंत आकसते तेव्हा हा भाग आकसतो का, फायब्रोमा असा दगडासारखा जागच्या जागी बसतो, आजूबाजूचे स्नायू त्याला ओढत राहतात.

मग टी-वन, टी-टू. चरबी असेल तर टी-वनवर पांढरीशुभ्र आणि चरबीचा सिग्नल दाबला की गायब, संपला प्रश्न, लायपोमा. टी-टू म्हणजे ढोबळमानाने पाणी किती ते. रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा, टी-टूवर छान उजळते, रॅब्डोमायोमा स्नायूपेक्षा जरासाच उजळ, फायब्रोमा बहुतेकदा काळसर कारण त्यात पाणी कमी आणि घट्ट तंतू जास्त. बहुतेकदा म्हणतेय, नेहमी नाही, इथेच लोक फसतात. त्या सीडीवरची गाठ टी-टूवर ना धड काळी ना धड पांढरी, अशी मधलीच होती, त्यावर कोणी रॅब्डोमायोमा म्हटलं तर अगदी चूकही म्हणता येणार नाही, फक्त एवढ्यावर म्हणायला नको होतं.

आणि मग काँट्रास्ट, इथे खरी मजा आहे. गॅडोलिनियम नावाचा धातू, एका रेणूच्या पिंजऱ्यात घट्ट बंद केलेला, शिरेतून देतो. तो जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत हिंडतो आणि जिथे असेल तिथे चित्र उजळतं. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

औषध सोडल्या सोडल्या पहिल्या काही सेकंदांत आम्ही धडाधड चित्रं घेतो, त्याला फर्स्ट पास परफ्युजन म्हणतात. आधी उजवा कप्पा पांढरा होतो, मग फुप्फुसातून फिरून डावा, आणि मग स्नायूत हलकी उजळी पसरते. गाठीत भरपूर रक्तवाहिन्या असतील, हिमँजिओमासारखी, तर ती इथेच दिवा लागल्यासारखी पेटते. फायब्रोमा काळाच राहतो, त्याला रक्तपुरवठा अगदी जेमतेम. रॅब्डोमायोमा पण काही विशेष करत नाही. रक्ताची गुठळी असेल तर तीही काळीच, तिला रक्तवाहिन्याच नाहीत.

मग थांबायचं. दहा मिनिटं. टेबलावर पोर भुलीत, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघताहेत, बाहेर पुढचे दोन पेशंट, आणि तुम्ही नुसतं थांबायचं (अगदी हात बांधून नाही, मधल्या वेळात उरलेले सिने काप उरकता येतात). या दहा मिनिटांत निरोगी स्नायूतून औषध धुवून निघत असतं, आणि फायब्रोमात काय होतं तर तो म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं दाट जाळं, पेशी थोड्या, पेशींच्या मधली जागा भरपूर, तिथे औषध हळूहळू झिरपत जातं आणि अडकून बसतं. मग आम्ही लेट गॅडोलिनियमचं चित्र घेतो, त्यात रेडिओ लहरींचा एक झटका देऊन मोजून तेवढंच थांबतो की निरोगी स्नायूचा सिग्नल बरोब्बर शून्यावर यावा, म्हणजे स्नायू काळाकुट्ट आणि जिथे औषध अडकलंय ते पांढरंफेक. आधी काळी असलेली गाठ आता चक्क ट्यूबलाइट, कधीकधी मधोमध एक काळा ठिपका उरतो, तिथपर्यंत औषध पोचतच नाही. रॅब्डोमायोमा हे करत नाही. तो फुगलेल्या स्नायूपेशींचाच गोळा आहे, पेशींत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) ठासून भरलेलं, पेशींच्या मध्ये जागाच नाही, मग औषध अडकणार कुठे, तो शेजारच्या स्नायूसारखाच काळा. आणि गुठळीसाठी अजून एक युक्ती, तो थांबायचा वेळ मुद्दाम लांबवायचा, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे स्नायू राखाडी होतो, गाठ पण थोडीफार राखाडी, गुठळी तेवढी काळीच राहते.

टी-टूवर जे दोघं एकमेकांसारखे दिसू शकतात ते या एका चित्रात काळे आणि पांढरे होऊन समोर येतात, आणि सीडीतून गायब होतं ते नेमकं हेच.

२०११ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ४ देशांतल्या १५ सेंटर्समधून ७८ मुलांचे हृदयाच्या गाठींचे एमआरआय गोळा केले आणि निदान काय ते न सांगता तज्ज्ञांना वाचायला दिले. ९७ टक्के केसेसमध्ये बरोबर निदान त्यांच्या उत्तरात होतं. हा ९७ आकडा सगळे मिरवतात, प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरात. पण त्याच्याच शेजारी लिहिलंय की ४२ टक्के केसेसमध्ये त्यांनी एकच नाव न देता "हे किंवा ते" असं लिहिलं, ते कोणी सांगत नाही. मला विचाराल तर तो ४२ जास्त प्रामाणिक आकडा आहे. आणि तिसरी गोष्ट जी माझ्यासारख्या लोकांनी कंट्रोल रूममध्ये चिकटवून ठेवावी अशी, जिथे चित्रं चांगली आणि तपासणी पूर्ण होती तिथे निदान जास्त बरोबर आलं. त्या ७८ मध्ये फायब्रोमा ३० आणि रॅब्डोमायोमा फक्त १४, हे बघून मी आधी चक्रावले होते, सगळ्यात कॉमन तर रॅब्डोमायोमा ना. मग लक्षात आलं, तान्ह्या बाळात अनेक गाठी आणि सोबत टीएससी असेल तर इकोवरच काम होतं, एमआरआयपर्यंत येतात त्या जिथे कोडं आहे त्याच.

आता चांगली चित्रं म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरून वाटतं बटण दाबलं की झालं. आमचं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा ३०,००० पट जोरदार, आणि ते कधीच बंद नसतं, रात्री सुद्धा. चित्र ठोक्याच्या तालावर घ्यायचं म्हणून छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावतो. गंमत म्हणजे रक्त हे वाहतं खारट पाणीच, आणि ते चुंबकात वाहिलं की स्वतःची थोडी वीज तयार करतं, ती नेमकी ईसीजीच्या टी लाटेवर, म्हणजे मुख्य ठोक्यानंतरच्या छोट्या लाटेवर, येऊन बसते, टी एवढी उंच होते की मशीनला वाटतं हाच ठोका, आणि सगळी चित्रं भलत्या वेळी. मग परत आत जायचं, पट्ट्या जरा सरकवायच्या, परत बघायचं. तान्ह्या बाळाच्या एवढ्याशा छातीवर चार पट्ट्या, त्यात सरकवायला जागा तरी किती असणार.

त्यात बाळाचे ठोके मिनिटाला १३० च्या पुढे, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाच्याही आत आटपला, मोठ्यांमध्ये ८ मिलिमीटरचे जाड काप चालतात इथे ४-५ चे घ्यावे लागतात, आणि वरून ते रडणार हलणार, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. अगदी लहान बाळांना आम्ही भूल टाळायचा प्रयत्न करतो, थोडं उपाशी ठेवून मग मशीनजवळच पोटभर दूध पाजायचं, कानात बोळे, वर कानझाकणी, घट्ट गुंडाळायचं, आणि झोपलं की श्वाससुद्धा हळू घेत आत सरकवायचं. निम्म्या वेळा जमतं. नाही जमलं तर परत कधीतरी. सहासात वर्षांच्या पुढची मुलं समजावली तर श्वास धरतात, मधली जी आहेत एक ते पाचसहा, ती भुलीशिवाय अशक्य. भुलीत सुद्धा श्वास चालूच असतो की, म्हणून मी माइकवरून "थांबवा" म्हटलं की आत भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवतात, चित्र होतं, "सोडा", परत चालू. असं तीसचाळीस वेळा. दोघांचं जमलेलं असलं की ताल लागतो, नाहीतर ज्यानं त्यानं कपाळाला हात लावायचा.

म्हणून सांगते की भूल ही काही फुकटची गोष्ट नाही, हृदयात गाठ आणि ठोक्यांचा प्रॉब्लेम असलेल्या मुलाला तर नाहीच. एका भुलीत जे जे लागणार ते सगळं करून घ्यायचं. मशीनवर बसायच्या आधी यादी करा, शीर चालू आहे ना ते भूल द्यायच्या आधी बघा, आणि वेळ कमी पडतोय असं वाटलं तर बाकी काहीही गाळा पण ती दहा मिनिटं गाळू नका. जिवंत माणसाच्या धडाचं पहिलं एमआरआय चित्र १९७७ मध्ये काढलं ते छातीचंच होतं आणि त्याला जवळपास पाच तास लागले, तो माणूस तेवढा वेळ आत बसून राहिला, आणि आपल्याला दहा मिनिटं जड होतात.

काँट्रास्टची भीती पण असते लोकांना, आणि ती अगदीच निराधार नाही. किडनी फार खराब असलेल्या पेशंट्समध्ये काही जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा कडक होणारा आजार होतो हे २००६ च्या सुमारास लक्षात आलं, तेव्हापासून किडनी बघूनच देतात आणि आता जास्त घट्ट पिंजऱ्यातली औषधं वापरतात, मॅक्रोसायक्लिक म्हणतात त्यांना. तान्ह्या बाळांची किडनी कच्ची असते म्हणून डोस वजनावर मोजून मापून. पण सरसकट "लहान आहे, काँट्रास्ट नको" हे हृदयाच्या गाठीत बसत नाही.

आम्हाला सगळं दिसतं असंही समजू नका. पुर्किंजे पेशींच्या (हृदयातली वीज वाहून नेणाऱ्या पेशी) म्हणून छोट्या गाठी असतात, बाळाचे ठोके काही केल्या थांबत नाहीत, दिवसरात्र टॅकिकार्डिया, आणि एमआरआयवर काही दिसेलच याची खात्री नाही. उलट जिथे काहीच नाही तिथे गाठ दिसल्याचा भास होतो तो वेगळाच. एकदा तीन महिन्यांच्या बाळाला "हृदयाला लागून मोठा गोळा" म्हणून पाठवलं होतं, आईचे डोळे रडून सुजलेले, आणि तो निघाला थायमस. प्रत्येक बाळाला असतो, त्या वयात चांगला ऐसपैस असतो. एकसारखा, मऊ, आजूबाजूच्या कशाला न दाबणारा, ज्या पोकळीत बसेल तिचा आकार घेणारा. काँट्रास्ट सुद्धा लागलं नाही. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

असो. तर तो सव्वाचार वर्षांचा मुलगा. परत भूल, परत उपाशी, आईनं परत तोच फॉर्म भरला, या वेळी सही करताना तिचा हात थरथरत होता हे मला काचेतून दिसत होतं. सिने झालं, परफ्युजनमध्ये गाठ काळी, अगदी शाईचा डाग. मग थांबलो. सातव्या मिनिटाला भूलतज्ज्ञांनी माझ्याकडे बघितलं, मी तीन बोटं दाखवली. दहाव्या मिनिटाला पहिला लेट काप आला आणि स्क्रीनवर काळ्या गोल भिंतीत लिंबाएवढं पांढरंशुभ्र काहीतरी, कडा एकदम रेखीव, मधे छोटा काळा ठिपका. रेडिओलॉजिस्ट मॅडम मागे येऊन उभ्या होत्या, त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं "अजून दोन दिशांनी घे" म्हणाल्या, सर्जनला लागतं ते, गाठ कुठल्या झडपेच्या दोऱ्यांच्या किती जवळ आहे, कुठली रक्तवाहिनी अंगावरून गेलीये.

ऑपरेशन झालं. फायब्रोमाच होता. सगळा निघाला नाही, थोडा झडपेच्या स्नायूपाशी मुद्दाम ठेवला असं नंतर कळलं, पण चक्कर परत आली नाही.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. ऑपरेशननंतर जिथे टाके घातले तिथे व्रण बनतो आणि व्रण पण लेट चित्रात पांढराच दिसतो, फायब्रोमासारखा. म्हणून काही महिन्यांनी एक स्कॅन करून ठेवावा लागतो, पुढे कधी पांढरं दिसलं तर हे आधीपासूनचं की नवीन ते त्याच्याशी ताडून बघता येतं. त्याचा तो झाला भुलीतच. त्यानंतरचा आत्ता झाला, मागच्या महिन्यात, आता तो सात वर्षांचा आहे.

या वेळी भूल नाही. आदल्या आठवड्यात फोनवरून आईला सांगून ठेवलं होतं की घरी रोज झोपून श्वास सोडून धरायची प्रॅक्टिस करून घ्या, मोठ्याने आकडे मोजून. आला तेव्हा मला म्हणाला, मी एकोणीसपर्यंत धरतो, तुम्ही किती म्हणताय. मी म्हटलं मला दहा पुरे. मग प्रत्येक वेळी मी "श्वास घे, सोड, धर" म्हटलं की हा आत एकदम पुतळा, आणि संपलं की माइकवरून विचारणार, किती झाले. चौथ्या लेट कापाच्या मध्ये त्याला खोकला आला आणि चित्रावर ही फराट. "सॉरी, परत घ्या," म्हणाला आतूनच, मी सांगायच्या आधी.

परत घेतला.